गाडी कोठ्यात लाव

रत्नप्रभाताई आमच्या तालुक्याच्या कोर्टातल्या पैरवी हवालदार. साक्षीदारांना समन्स पोचवायचं आणि तारखेला त्यांना कोर्टात उभं करायचं, हे त्यांचं काम. मी सरकारी वकील. माझा पारा सकाळीच चढतो, त्यांचं हसू सकाळीच सुरू होतं. स्कूटीवरून गावोगाव समन्स वाटतात, ते लग्नाच्या पत्रिका वाटल्यासारखं. "येजा बरं, आम्ही वाट पाहून राह्यलो," असं सांगून येतात आणि लोक खरंच येतात.

बायकांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांत हे सोपं नसतं. तारीख लागेपर्यंत शेजारीपाजारी सगळं विसरून जातात आणि आरोपीचे नातेवाईक तडजोडीसाठी उंबरे झिजवतात. पायलच्या खटल्यात तिची शेजारीण "मले काई आठोत नाई" म्हणून मोकळी झाली. उरली एकटी पायल. कापूस वेचायला गेलेली असताना वावराच्या मालकाने तिला कोठ्यात ओढून अंगचटीला जायचा प्रयत्न केला होता. त्याच्या हाताला कडकडून चावून ती निसटली. कोठा म्हणजे गुरं बांधायचा गोठा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं.

पण पोलिसांनी लिहिलेल्या जबाबात होतं, 'खोलीत ओढले'. पंचनाम्यात मात्र खोलीचा पत्ता नाही, नुसती दावण आणि कडबा. आरोपीच्या वकिलाने नेमकं तेच धरलं.

"खोली की गोठा?"

"कोठा. मी कोठाच म्हनलं होतं."

"मग जबाबात खोली कशी?"

"लिवलं कोनं, मी का?"

वकीलसाहेब हसले. जिला जागाच सांगता येत नाही तिची तक्रार बनावट, असं त्यांना न्यायाधीशांच्या गळी उतरवायचं होतं. बाहेर आल्यावर पायल रडवेली झाली. "ताई, खोटी ठरली का वो मी?"

ताईंनी तिच्या हातात चहा दिला. "अजून कोनी काई ठरवलं नाई. पी."

आता सगळं नंदकिशोरवर होतं. जबाब लिहिणारे जमादार तेच, मूळचे साताऱ्याचे, तेव्हा जिल्ह्यात नुकतेच आलेले. अशा वेळी जमादारांचं उत्तर ठरलेलं असतं: तिने सांगितलं तसंच लिहिलं. ते म्हटलं की जमादार सुटतो आणि बाई खोटी पडते.

हा जबाब लिहून झाल्यावर, खटला उभा राहण्याआधी, याच नंदकिशोरना रत्नप्रभाताईंनी एकदा भीमजयंतीला घरी जेवायला बोलावलं होतं. दारात मोटरसायकल उभी केली, तशा ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "उनात कायले ठेवता, गाडी कोठ्यात लावा." जमादार आज्ञाधारक. त्यांनी गाडी दोन पायऱ्या चढवून, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून थेट बैठकीत सोफ्याला टेकवून लावली. ही गोष्ट ताई कुणालाही, कधीही सांगतात.

साक्षीच्या दिवशी मी म्हटलं, "ताई, ती गोष्ट जरा त्यांच्यासमोर काढा की."

"मॅडम, साक्षीदाराले पढवाचं नाई. तुमीच सांगता ना?"

मला भयंकर राग आला, कारण त्यांचंच बरोबर होतं. त्यांनी नंदकिशोरना आलुबोंडा खाऊ घातला आणि समोर तोंड मिटून बसल्या. त्या बाईला तोंड मिटून बसणं किती जड जातं, ते आम्हालाच माहीत.

वकिलांनी जबाब जमादारांच्या हातात दिला. "तक्रारदाराने 'खोलीत' असंच सांगितलं होतं ना?"

नंदकिशोरनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"नाही साहेब. ती 'कोठ्यात' म्हणाली होती. मी आपला खोली समजलो. चूक माझी आहे."

"आणि हा साक्षात्कार आज झाला?" वकिलांनी टोमणा मारला.

"जबाबाचं आज लक्षात आलं. कोठा म्हणजे काय, ते रत्नप्रभाताईंच्या बैठकीत मोटरसायकल लावली तेव्हाच कळलं होतं."

न्यायाधीशांनी सगळं विचारून घेतलं आणि लिहून घेताना हसू काही त्यांना आवरेना. मागच्या बाकावर पायल पदर तोंडाला लावून हसत होती. त्या कोर्टात तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

निकाल लागला, मालकाला शिक्षा झाली. किती झाली, हे पायलने विचारलंच नाही. तिने रत्नप्रभाताईंचा हात घट्ट धरला.

"म्हंजे मी बराबरच सांगतलं होतं ना?"

"पयल्या दिवशीच," ताई म्हणाल्या. "आमालेच आयकाले येत नव्हतं, बाई."