पालखी कोणाच्या दारी

दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडी जाणून घ्यायची मला भारी हौस. ती माणसं हयात असलीच पाहिजेत, अशी माझी अट नाही. त्या हिवाळ्यात रत्नागिरीच्या वाचनालयातून मी अथेन्सच्या एका लोकशाहीवादी पुढाऱ्याचं चरित्र आणलं आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्याच्या घरात पार अडकून पडले.

या पुढाऱ्याने एक कायदा करून घेतला होता. आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील, तरच मुलगा नागरिक. पुढे साथीत अथेन्सच्या बायकोपासून झालेले त्याचे दोन्ही मुलगे गेले. उरला एक, पण त्याची आई परगावची. मग हाच माणूस सभेपुढे उभा राहिला आणि एवढ्या एका मुलाला नागरिक करून घ्या म्हणाला. लोकांनी मान्यही केलं. पण तोंड उघडल्यावर तो पहिलं वाक्य काय बोलला, ते मला कुठेच सापडेना. त्या वाक्याने माझी झोप उडवली.

माझे काका पायाच्या ऑपरेशननंतर माझ्याकडेच राहत होते. त्यांना गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "लाज नाय वाटली त्याला? स्वतःचाच कायदा मोडायला गेला तो."

काकांना हे बोलणं शोभत होतं. राजापूरकडच्या आमच्या गावात त्यांच्या शब्दाला वजन. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते, आणि मुंबईकर मंडळी स्वतः न येता शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून मोकळी व्हायची. त्याला वैतागून काकांनी सभेत नियम करून घेतला. घरच्या माणसाने चूल पेटवली असेल, तरच पालखी अंगणात यायची. लग्न होऊन गेलेल्या मुली घरच्या धरायच्या नाहीत. म्हणजे मीही नाही. मला तेव्हा राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

शिमगा जवळ आला. गावातल्या घराकडे उतरणारी जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची पाखाडी काकांना झेपणारी नव्हती. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. घराला कुलूप. पालखी आमच्या दारावरून तशीच पुढे गेली, असं कधी घडलं नव्हतं. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एके दिवशी माझ्या पुस्तकाकडे बघत त्यांनी विचारलं, "तू पेटवशील चूल?"

गावाची सभा देवळात भरते आणि देऊळ रस्त्यालगत, म्हणून काकांना गाडीने नेता आलं. मी मागे बायकांत बसले आणि कान टवकारले. काका काठी टेकून उठले, खाकरले. "माझी पुतणी घरचीच धरा," म्हणाले. "या सालापुरती." एवढंच. माना डोलायलाही लागल्या.

तेवढ्यात माझ्या शेजारची म्हातारी उठली.

"गेल्या साली मी इस्पितळात होते. माझी मुलगी सासरहून, हातखंब्याहून आली, चूल पेटवलीन, आरती घेऊन दारात उभी रायली. पालखी थांबली नाय." तिचा आवाज अगदी शांत होता. "ती कोणाची होती, येवढंच सांगा."

अथेन्सच्या सभेत हे झालंच नसतं, तिथे बायकांना बसायचीच मुभा नव्हती. काका उभेच होते. मग वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "आता तूच सांग. मागणं तुझ्यासाठी हाय."

मी उठले. पालखी आमच्या अंगणात नाचायला हवी होती, काकांइतकीच मलाही हवी होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी मिळाली असती.

"मला एकटीला नको," मी म्हटलं.

सगळ्याच लेकींचं काय करायचं, यावर विचार करायला सभेने पुढच्या शिमग्यापर्यंत मुदत घेतली. त्या वर्षी काका आणि मी रस्त्यावर उभे राहिलो. खाली झाडांतून पालखीचा ढोल आमच्या घरापाशी आला आणि न थांबता पुढे गेला.

"गेली," काका म्हणाले, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.