भोकांच्या डिस्क

पेठच्या घाटात माझ्या गाडीचे ब्रेक तापले आणि पेडल तळाला गेलं, तेव्हाच ठरवलं, ब्रेकच्या मोठ्या डिस्क बसवायच्या. इंजिनाची ताकद आधीच वाढवून घेतली होती. पंचवटीतले मिस्त्री म्हणाले, साध्याच घ्या. मला भोकांच्या हव्या होत्या, चाकातून झकास दिसतात म्हणून. पार्सल फोडताना मला दम निघत नव्हता. दसऱ्याला आईने डिस्कना हळदकुंकू वाहिलं आणि गंजू नयेत म्हणून विळीसारखं तेलाचं बोटही फिरवलं. मिस्त्री भडकले, "ब्रेकला तेल? घसरतील की!" भोकन्‌भोक पेट्रोलने पुसून त्यांनी डिस्क बसवल्या. मग आईला शेजारी बसवून त्याच घाटात मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मी हरखून आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "पूजा फळली." नुसत्या दिसण्यावर डिस्क निवडणारा मी तिच्याशी कुठल्या तोंडाने वाद घालणार?