मागे कोण बसणार?

"मागे कोण बसणार?" नवऱ्याचा पहिला प्रश्न हाच. ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हाच मी घरात जाहीर केलं होतं, की स्वतःची गाडी घेणार आणि ती मीच चालवणार. लायसन कधीचं काढलेलं, पाकिटात नुसतं पडून होतं. आता साकीनाक्याच्या एका गॅरेजात मी जुनी स्पोर्ट्स कार बघून आले होते. बाटलीसारखी हिरवी, जमिनीलगत, दोनच सीटा.

"कोणीच नाही," मी म्हटलं. "म्हणूनच तर आवडली."

मग आमच्या घाटकोपरच्या घरात रोज तोच विषय. नवऱ्याने आणि मुलाने माझ्यासाठी एक छोटी हॅचबॅक पसंत करून ठेवली होती. ॲव्हरेज झकास, सर्व्हिसिंग कोपऱ्यावर, सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगात अलगद मावणारी. मुलगा म्हणाला, "आई, त्या जुन्या गाडीचं काही बिघडलं ना, तर पार्टची वाट बघत बसशील." खोटं कशाला बोलू, सगळं खरं होतं. हॅचबॅक शहाणी गाडी होती. पण शहाणपणाचा मक्ता काय मी एकटीनेच घेतलाय? डबे, पाहुणे, सासूबाईंचे डॉक्टर, मुलाचे क्लास, सगळं शहाणपणानेच केलं ना? शेजारीण म्हणाली, "या वयात?" म्हटलं, "मग कुठल्या वयात गं? तेव्हा वेळ कुणाला होता?"

शेवटी ठरलं, एकाच रविवारी दोन्ही चालवून बघायच्या.

आधी हॅचबॅक. नवरा शेजारी, मुलगा आणि शोरूमचा माणूस मागे. "क्लच सोड. अगं, हळू सोड! रिक्षा बघ. इंडिकेटर!" नवरा थांबला की मुलगा सुरू. साकीनाक्याच्या चौकात गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्नचा नुसता भडिमार. "बघ, हीच जमत नाही, ती काय जमणार?" नवरा म्हणाला. रडू फुटेल इतका संताप झाला माझा. वाटलं, मरू दे, नकोच ती गाडी.

हॅचबॅक शोरूमला परत केली आणि गॅरेजात गेलो. मेकॅनिकने मला चावी दिली आणि तो शेजारच्या सीटवर बसला. सीटा संपल्या. नवरा आणि मुलगा फुटपाथवर उभे! असं होणार हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. "चलो मॅडम," म्हणाला मेकॅनिक आणि मोबाईलवर कुणाशी तरी गप्पा मारत बसला. मला एका शब्दाने काही सांगितलं नाही. मी गाडी कांजूरमार्गापर्यंत नेली, वळवली, परत आणली. एकदाही बंद पडली नाही. उतरले ती चावी मुठीत घट्ट धरूनच.

"हीच," मी दोघांना सांगितलं.

आणि घेतली. सोसायटीच्या गेटवर स्पीडब्रेकरला तिचं पोट खर्रकन घासतं, तेव्हा पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन मान हलवतात. पेट्रोल ढसाढसा पिते. खड्डा दिसला की गोगलगायीसारखी चालवावी लागते. हसणारे हसोत, मी कुणाला भीक घालत नाही.

नवरा मात्र तिच्यात बसेना. मग एका सकाळी त्याला चेंबूरला बहिणीकडे जायचं होतं आणि रिक्षा मिळेना. गुडघे दुमडत, "अगं आई गं" करत शिरला एकदाचा आत. गेटबाहेर पडतो न पडतो तोच सुरू. "सेकंड टाक. अगं, टेम्पो, टेम्पो!"

मी गाडी कडेला घेतली. "इथे उतरतोस, की गप्प बसतोस?"

त्याने दाराच्या हँडलकडे पाहिलं. उतरला नाही. पुढे चेंबूरपर्यंत हूं की चूं केलं नाही. बहिणीच्या घराअलीकडे सिग्नल लागला, तेव्हा समोर बघतच म्हणाला, "चांगली चालवतेस गं."

"माहितीये मला," मी म्हटलं.