दोन्ही बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आज सकाळी किन्हवलीत पाण्याचा टँकर आला. ओल्या मातीत मिसळलेला डिझेलचा वास नाकात शिरला आणि जुना संताप उसळला.

तेव्हा मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, अजून कायम झालो नव्हतो. धरणाकाठच्या गावातली सुनंदा तालुक्याच्या स्पर्धेसाठी लिहिलेला इंग्रजी निबंध घेऊन आली. पहिलंच वाक्य खणखणीत होतं: धरण आमच्या जमिनीवर आहे, म्हणून पाण्यावर पहिला हक्क आमचा. सुरुवातीलाच भूमिका घ्या, एकच बाजू धरा, हे मीच शिकवलं होतं.

मी ते वाक्य खोडलं. "काहींना असं वाटतं, काहींना तसं, असं लिही."

"पन सर, तुमीच बोललात ना, एकच बाजू धरायची? आमची आय टँकरमागं पलते. दुसरी बाजू कोनाची हाय?"

"परीक्षकांना चालत नाय गो. लिही मुकाट्यानं."

साफ खोटं! पहिला आलेला निबंध आमच्या संस्थेच्या अध्यक्षांसमोर वाचला जायचा. टँकर त्यांचेच होते, आणि मला कायम करणारी सहीसुद्धा त्यांचीच.

ओठ आवळून तिनं लिहिलं. नंबर आला नाही. परीक्षक तिच्यादेखत म्हणाले, "या मुलीला स्वतःचं मतच नाही." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी, हरामखोर, मान डोलावली.

तिचं वाक्य बरोबर होतं आणि मी भ्यालो होतो, हे तिला तोंडावर सांगायचं देणं मी अजून लागतो.