पुंजाचा ठोका

मला ऑफिसात सगळे तिरसट म्हणायचे. म्हणोत बापडे. पण पुंजावर चिडायची माझी कधी हिंमत झाली नाही, एक दिवस सोडून.

पुंजा आमच्या पाटबंधारे खात्याच्या वायरलेस स्टेशनवर होता. इगतपुरीच्या पुढे एका डोंगरावर दीड तास चढून गेलं की एक पत्र्याची खोली आणि शेजारी लोखंडी मनोरा, एवढंच ते स्टेशन. खोलीत दोन सेट. धरणांवरून पाण्याची पातळी सांगायचे, ती या सेटवरून पुढे आम्हाला नाशिकला ऐकू यायची. एक सेट बिघडला की पुंजानं दुसरा लावायचा, हे त्याचं काम. अकरा वर्षं केलं त्यानं, आणि अकराही वर्षं रोजंदारीवर. बापाची भाताची जमीन त्याच धरणांपैकी एकात गेलेली, म्हणून ही नोकरी मिळालेली. कायम करायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

मी नाशिकला मेकॅनिक. दुरुस्तीला वर जायचो तेव्हा एक गोष्ट पाहिली होती. मनोऱ्याची वायर एका सेटवरून दुसऱ्या सेटवर नेणारा काडेपेटीएवढा रिले होता. पावसाळी दमटपणानं तो मेला अडकून बसायचा. मी दोनदा बदलला, नवाही तसाच निघाला. पुंजा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन त्यावर एक बेताचा ठोका मारायचा आणि रिले सुटायचा. मी मारला तर सुटत नसे.

सत्त्याऐंशी साली दोन गोष्टी एकदम झाल्या. रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी निघाली, तिच्यात पुंजाचं नाव होतं. आणि त्याच उन्हाळ्यात नाशिकला आमच्या टेबलावर नवीन यंत्र आलं. की-बोर्डवर हुकूम टाइप करायचा, तो टेलिफोनच्या तारेवरून अक्षरामागून अक्षर असा डोंगरावरच्या एका पेटीत जायचा, पेटी त्याच रिलेकडून सेट बदलून घ्यायची आणि आमच्याकडे कागदावर ‘ओके’ उमटायचं. साहेब त्याला सिरियल लाईन म्हणत आणि लहान मुलासारखे खूश होत.

जुलैत चाचणी ठरली. ती पार पडली तर डोंगरावर माणूस नको, म्हणजे पुंजाचं पद रद्द आणि यादीतलं नावही गेलं. फसली तर सगळं एक वर्ष पुढे, आणि तोवर पुंजा कायम झालेला. मग त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी मुद्दाम वर जाऊन त्याला हे समजावलं. चतुराबाईसमोर, म्हणजे त्याच्या बायकोसमोर सांगितलं, की बाबा, त्या दिवशी काही करू नकोस, रिले अडकला तर अडकू दे. साहेबांचाही हुकूम तोच होता. त्यांनी छापील फॉर्म पाठवला होता, ‘चाचणीच्या वेळी यंत्रास कोणीही हात लावलेला नाही’, आणि त्यावर सही आधीच करून ठेवायला सांगितली होती. पुंजानं केली.

चाचणीच्या दिवशी घाटात नुसता कोसळत होता. तीन वेळा सेट बदलायचा होता. पहिल्या दोन वेळा झकास झालं. तिसऱ्या वेळी धरणावरचा लहानू बोलत असतानाच मी हुकूम दिला. कागदावर ‘ओके’ आलं, पण स्पीकर गप्प. लहानूचा आवाज “दरवाजे...” एवढ्यावर तुटला होता.

अडकला! खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटल्या. धरणाचे दरवाजे उघडणार, खाली गावं आहेत, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. साहेब घड्याळ बघत होते. अर्धं मिनिट गेलं आणि लहानू पुन्हा बोलू लागला, दरवाजे उघडतोय, खालच्या गावांना कळवा. साहेब म्हणाले, लाईन जरा सुस्त आहे, आणि चाचणीच्या कागदावर तिसरी खूण केली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

दोन दिवसांनी पुंजा फॉर्म घेऊन नाशिकला आला. मी त्याला जिन्यातच गाठलं.

“ठोका मारलास ना?”

“लहानू दरवाज्याचं सांगत व्हता, भाऊ. हात आपसूक गेला.”

मी त्याला नाही नाही ते बोललो. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास, म्हटलं. मग मीच त्याला ओढत साहेबांकडे नेलं आणि खरं काय ते सांगितलं. ‘ओके’ म्हणजे हुकूम पेटीपर्यंत पोचला एवढंच, सेट लागला की नाही हे पेटीला कळत नाही, हेही सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी शांतपणे फॉर्म पुढे सरकवला.

“हात लावला म्हणता, मग ही सही खोटी. खोट्या सहीबद्दल मला यांना आजच काढावं लागेल. सांगा, काय लिहू?”

पुंजा म्हणाला, राहू द्या साहेब. कागद साफ राहिला तर दुसरीकडे कुठे लावून घेतील, अशी त्याला आशा होती. कुणी घेतलं नाही. दसऱ्याच्या आधी त्याला घरी बसवलं. तो इगतपुरीला तांदळाच्या गिरणीत पोती उचलू लागला.

पुढच्या जुलैत चालू सेट गेला. मी दुसऱ्यासाठी अकरा वेळा हुकूम दिला, अकरा वेळा ‘ओके’ आलं, स्पीकर मुका. जीप घेऊन मी सरळ गिरणीत गेलो. पुंजानं पोतं खाली ठेवलं, माझ्याबरोबर डोंगर चढला आणि एक ठोका मारला. आवाज आला. उतरताना तो म्हणाला, “भाऊ, आता तरी लिहा, वर माणूस लागतो म्हणून.” लिहितो, म्हटलं.

नाशिकला येऊन रिपोर्ट पुढे घेतला. खरं लिहिलं असतं तर आदल्या वर्षीची चाचणी उकरली गेली असती आणि साक्षीदार मी. त्या महिन्यात माझं सुपरवायझरचं प्रमोशन होतं. मी लिहिलं, ‘लाईनमध्ये तात्पुरता दोष, दुरुस्त केला.’ सरळ लिहिलं. लाज मागाहून वाटली, ती अजून जात नाही.

एकोणनव्वदच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मी त्याच्या घरी गेलो. चतुराबाई दारात आडवी उभी राहिली.

“तुम्ही लिव्हलं का?” तिनं विचारलं.

मी तिच्या खांद्यावरून आत बघत म्हटलं, रिले पुन्हा अडकलाय. मागे पुंजा बसला होता, त्यानं सगळं ऐकलं. तो उठला, टोपी घातली आणि तिला हातानं बाजूला केलं.

“चला,” तो म्हणाला, “धरणात पाणी चढलं आसंल.”

आणि मी त्याला घेऊन गेलो.