वायला निघालो, पण कुठून?

धुळ्याला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. तिथे भर पंगतीत, दुसऱ्यांदा वरण वाढलं जात असताना, मी माझ्या थोरल्या भावापासून वेगळा झालो. भावाला याची कल्पना नव्हती. मलाही नव्हती.

आधी माझ्या कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जळगावात चटयांचे कारखाने पुष्कळ. त्यातल्या एका मध्यम कारखान्यात मी चटईवरची नक्षी काढतो. प्लास्टिकच्या चटईवर जो मोर असतो, कडेला वेल असते, मधे कमळ असतं, ते कुणीतरी बसून काढलेलं असतं हे लोकांना सांगावं लागतं. लोकांना वाटतं, चटई मोरासकटच जन्माला येते. डोक्यावर सगळे केस होते तेव्हापासून मी मोर काढतोय. माझ्या मोरांवर लोक जेवले, झोपले, भांडले, पापड वाळवले. मोराचं तोंड नेमकं कुणाच्या तरी मांडीखाली जातं, त्याला इलाज नाही.

एकदा मी मोराऐवजी केळीचा घड काढला होता. लोंबता, खाली केळफुलासकट, अगदी आमच्या फैजपूरच्या बागेतला. आमच्या मारवाडी शेठजींनी बराच वेळ पाहिला आणि प्रेमानं विचारलं, "लोक बसतील कशावर? केळ्यावर?" घड फायलीत गेला. पण गेल्या दिवाळीनंतर नरडाण्याच्या एका कारखानदारानं निरोप धाडला, घरी बसून आमच्यासाठी काढा, काय वाटेल ते काढा. जळगावातल्या आणखी एकानंही तसंच विचारलं. पगारावर राहून हे करता येणार नव्हतं. म्हणजे नोकरी सोडायची. कॉलेजातली लेक म्हणाली, "पप्पा, याला फ्रीलान्स म्हणतात." त्या एका शब्दानं मला आठवडाभर तरुण वाटलं.

त्यानंतर मात्र घोळ सुरू झाला. सकाळी अंघोळ करताना मी नोकरी सोडलेली असे, कारखान्यात डबा उघडेपर्यंत परत धरलेली असे. बायकोला विचारलं की ती म्हणे, आधी तुमचं तुम्हाला कळू द्या. ते काही कळत नव्हतं. अशा मनःस्थितीत मी धुळ्याच्या पंगतीत बसलो.

शेजारी सासरे होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी कामधंद्याची चौकशी केली. मी म्हटलं, फ्रीलान्स करावं म्हणतो. आबांना हल्ली शब्दाचं पुढचं टोकच ऐकू येतं. ते म्हणाले, "फ्री? म्हणजे फुकट?"

आता हे समजावणं भाग होतं, आणि ते त्यांच्याच भाषेत समजावलं तर त्यांना बरं वाटेल, असं मला वाटलं. माझं सासर अहिराणी बोलणारं. आमच्या फैजपूरकडची बोली निराळी. अहिराणी मला ऐकून समजते, आणि बोलताही येते असा माझा समज आहे, जो बायकोनं अजून मान्य केलेला नाही. ती बायकांच्या पंगतीत लांब होती, म्हणून धीर आला. आबांना ऐकू जावं अशा आवाजात मी म्हटलं, "आबा, मी आते वायला निंघी ऱ्हायनू."

वायला म्हणजे वेगळा. शब्द बरोबर होता, एवढं माझ्या बाजूनं बोलायला हरकत नाही. पण धुळ्याकडे वायला निघतो तो भाऊ, आणि निघतो तो भावापासून. चूल वेगळी, शेत वेगळं, अंगणात भिंत. नोकरीतून कुणी वायला निघत नाही. नोकरी सुटते, नाहीतर जाते.

वाढणारा हातात बादली घेऊन थांबला. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळू आवाजात, म्हणजे सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, विचारलं की त्यांनी काही केलं का. माझ्या डोक्यात शेठजी. मी म्हटलं, छे, त्यांनी काय करायचं, माणूस चांगलाच आहे. पण दुसऱ्याच्या छपराखाली किती दिवस बसायचं. आबांचे डोळे भरले. मला वाटलं, चटईच्या नक्षीबद्दल यांना केवढी कळकळ. समोरच्या ओळीत, वयामुळे पुरुषांच्याच पंगतीत बसवलेल्या चुलत सासूबाई होत्या, घरातल्या अक्का. त्यांनी हातातला घास ताटात ठेवून विचारलं, "चूल कोठे मांडशात?"

काय सुरेख बोलतात ही माणसं, असं माझ्या मनात आलं. काम कुठे बसून करणार, एवढंच तर विचारायचं होतं. मी खुशीत म्हटलं, "जेवणाच्या टेबलावर."

अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग लांब बसलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि त्यांना तिची फार दया आल्यासारखं दिसलं.

परतीच्या बसमध्ये मी खूष होतो. निघताना आबांनी मला पोटाशी धरून सांगितलं होतं की काहीही लागलं तर धुळ्याला या, हे घर तुमचंच आहे. बायकोला म्हटलं, बघ, तुझे वडील किती मोकळ्या मनाचे. ती चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली. आमची बस पारोळ्याला पोचायच्या आत धुळ्याचा फोन फैजपूरला भाऊच्या घरी पोचला होता, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात भाऊ उभा. हातात भरिताच्या वांग्यांची पिशवी. आमच्याकडे हिवाळ्यात कुणी वांगी घेऊन येणं म्हणजे आनंदाचीच गोष्ट, पण भाऊचा चेहरा तसा नव्हता. तो आत आला, खुर्च्या सोडून चटईवर बसला, बरोबर मोराच्या मानेवर, आणि पाणी पिऊन म्हणाला, "विहिरीकडची बाग तू घे."

मला भरून आलं. माझ्या धंद्याला मदत म्हणून हा माणूस केळीची चांगली बाग द्यायला निघाला होता. मी म्हटलं, "भाऊ, एवढं कशाला? मला एक टेबल पुरे."

"टेबल?" भाऊ म्हणाला. "बापाच्या घरातलं तुला टेबल पाहिजे?"

"तिथलं नको. आहे इथे."

"मग वायला कशाला निघतोय? आणि निघायचंच होतं तर मला सांगायचं. धुळ्याला सांगितलं आणि मला नाही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो पिशवीच्या नाड्या बांधत होता आणि सोडत होता. मग म्हणाला, शेवटचं एकत्र भरीत खाऊ म्हणून वांगी आणली.

मला काहीच उलगडेना. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं मला विचारलं, "काल आबांशी नेमकं काय बोललात? तेच शब्द सांगा."

मी सांगितले. तेच, त्याच उच्चारात. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, पण ती भांडी घासत नव्हती. मग बाहेर येऊन तिनं भाऊला सगळा उलगडा केला. भाऊ इतका हसला की मोराच्या मानेवरून शेपटीपर्यंत सरकला. त्यानं तिथूनच आबांना फोन लावला आणि सांगितलं की कुणी वेगळं निघत नाहीये, तुमच्या जावयाला तुमची भाषा येत नाही.

फोन ठेवल्यावर त्याचं हसू हळूहळू उतरलं. "म्हणजे नोकरी सोडतोय?"

मी म्हटलं, तसं म्हणतोय.

"त्यापेक्षा घर वाटलेलं परवडलं असतं," भाऊ म्हणाला. "मधे भिंत घातली असती तरी सकाळी अंगणात भेटलो असतो आपण. शेठजी काय, दार लावून घेतील. तिथं तुला कुणी काही बोललं का?"

कालचाच प्रश्न होता. फरक इतकाच की आज दोघांनाही तो नक्की कशाबद्दल आहे ते माहीत होतं. कुणीही काही बोललेलं नव्हतं. शेठजी लेकीच्या परीक्षेची चौकशी करतात, चहा पाजतात. मला फक्त एकदा केळीचा घड काढायचा होता. एवढ्यासाठी माणूस वेगळा निघतो का? आणि निघाला नाही, तर उरलेली वर्षं मोरच काढायचे का? सकाळी अंघोळीच्या वेळी सगळं स्पष्ट होतं. आता काहीच दिसत नव्हतं.

दुपारी गच्चीवर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. भरीत फर्मास झालं. संध्याकाळी मी भाऊला स्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये चढता चढता तो म्हणाला, सोड किंवा सोडू नको, विहिरीकडच्या बागेचं मी मागे घेत नाही. त्यानं माझा गोंधळ आणखी वाढला. मागे काहीतरी आहे म्हटल्यावर धीर यायला हवा होता. मला उलट वाटलं, आता घाबरायलाही नीट कारण उरलं नाही.

घरी आलो. बायको चटई झटकत होती. मी सरळच विचारलं, सोडू की नको?

तिनं चटईची गुंडाळी करून भिंतीशी उभी केली. मग म्हणाली, "वायलं निघालेल्या भावालाही दिवाळीला बोलावतातच. उद्या शेठजींकडे जा आणि विचारा, बाहेर राहून तुमचेही मोर काढून दिले तर चालतील का. हो म्हणाले तर निघा. नाही म्हणाले तर घरी या, मग दोघं मिळून घाबरू. आणि एक सांगते. त्यांच्याशी मारवाडीत बोलायला जाऊ नका."