लाल टॅगला कुंकू

कुरुळीतल्या शालनबाई आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष. आवाज असा, की बैठकीचं बोलावणं धाडावं लागत नाही. त्या घरात बोलल्या तरी आळीला कळतं. आमच्या गटाला एका कंपनीने सामाजिक जबाबदारीच्या निधीतून शिलाई मशिनं दिली. साहेब आले, फीत कापली, फोटो निघाले. शिवलेलं विकायचं कुणाला, हे मात्र कुणाला सुचलं नाही. दसऱ्याला हार आणि वर्षभर चादर, एवढंच त्या मशिनांचं नशीब. मला त्या फोटोंचा भारी राग येई.

मग निरोप आला, की वापर नसेल तर मशिनं दुसऱ्या गावाला देऊ. शालनबाई पदर खोचून थेट कंपनीत गेल्या. मी सोबत होते. निधीचं काम बघणाऱ्या दिव्या मॅडमना त्यांनी विचारलं, "तुमचे कामगार हाताला जाड कापडाच्या बाह्या चढवत्यात, त्या कुठनं आणता?"

"बाहेरून विकत घेतो."

"मग आमच्याकडनं घ्या की! दान नगं, काम द्या."

दिव्या पोरगी भली. खरेदीवाल्यांच्या मागे लागून तिने नमुन्याची ऑर्डर मिळवली. आम्ही हौसेने शिवलं. तपासणीत मनगटाची शिवण उसवली आणि सगळा माल नापास, वर लाल टॅग.

दिव्या धावत आली. "मावशी, मी हा माल निधीतून ठेवून घेते. मशिनंही इथेच राहतील."

मी मनात म्हटलं, सुटलो बाई. शालनबाई मात्र भडकल्या.

"माझा पोरगा बाळू तुमच्याच कंपनीत पत्रा कापतोय. निधीचा माल हाय म्हनून पत्र्याची धार त्याचा हात सोडंल व्हय? द्या परत सगळ्या. आमी उसवून शिवतो."

"आणि पुन्हा नापास झाल्या तर?"

"तर न्या मशिनं."

आम्ही पुन्हा मशिनांवर बसलो. मनगटाला दुहेरी शिवण घातली. शालनबाई प्रत्येक बाही ताणून बघत आणि सैल दिसली की तोंडावर फेकत. किती शिव्या घातल्या म्हणून सांगू! माल पास झाला. तेव्हापासून ऑर्डर चालू आहे.

यंदा दसऱ्याला शालनबाईंनी मशिनांशेजारी तो लाल टॅगही ठेवला आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं.

"अगं बाई, त्याला कशाला?" मी म्हटलं.

"दान कुनी परत धाडतं व्हय? माल व्हता, म्हनून परत आला."

मला रडूच आलं. मीही त्याला कुंकू लावलं.